बोर्डाने ‘एनएएनए’ लिहिले, म्हणजे डिसॅबिलिटी पेन्शन गेली का?

प्रश्न थोडक्यात असा: वडील पायदळातून २६ वर्षांच्या सेवेनंतर मार्च २०२२ मध्ये नायब सुभेदार म्हणून घरी आले. निवृत्तीआधीच्या मेडिकल बोर्डाने रक्तदाबाचे ३० टक्के आणि कंबरेच्या मणक्याचे २० टक्के लिहिले, एकत्रित ४४ टक्के, आयुष्यभरासाठी. पण दोन्हींपुढे ‘एनएएनए’ असा शेरा आहे. रेकॉर्ड ऑफिसने दावा नाकारला. कोणी सांगतो सरळ ५० टक्के मिळतील, कोणी सांगतो नाद सोडा. यातले खरे काय?

दोघेही अर्धवट सांगतात, कारण दोघेही टक्क्यांकडे बघतात. टक्के ही दुसरी पायरी आहे. पहिली पायरी म्हणजे तो शेरा. एनएएनए याचा अर्थ बोर्डाच्या मते हा आजार लष्करी सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही. तो शेरा आहे तोवर टक्के ३० असोत की ८०, अपंगत्वाचा पैसा सुरू होत नाही. शेरा हटला की उरलेले गणित जवळजवळ आपोआप सुटते.

पात्रतेच्या अटी मोजून दोन आहेत. आजार किंवा जखम सेवेमुळे उद्भवलेली असावी अथवा सेवेमुळे बळावलेली असावी, आणि अपंगत्व किमान २० टक्के असावे. पहिल्या अटीतला ‘अथवा’ महत्त्वाचा. ‘बळावला’ लिहिले तर पैसे कमी मिळतात असा समज गावोगावी आहे. तो चुकीचा आहे. दोन्हींचा दर एकच. म्हणून रक्तदाब फौजेनेच दिला हे सिद्ध करण्याच्या मागे लागू नका. फौजेतल्या परिस्थितीने तो वाढला एवढे पुरते.

आता कोणते नियम लागतात ते बघा, कारण इथे बरेच अर्ज घसरतात. सेवेतून बाहेर पडण्याच्या तारखेवर ते ठरते. ३१ डिसेंबर २००७ पर्यंत बाहेर पडलेल्यांना १९८२ चे एंटायटलमेंट रूल्स, १ जानेवारी २००८ पासून पुढे २००८ चे, आणि २१ सप्टेंबर २०२३ पासून २०२३ चे. शेवटच्या नियमांत आजारांचे निकष कडक झाले, आणि सेवाकाल पूर्ण करून घरी येणाऱ्यांच्या रकमेला ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असे नवे नाव मिळाले. तुमच्या वडिलांना २००८ चेच नियम लागतील. तेव्हा २०२३ च्या कडक निकषांबद्दल व्हॉट्सअॅपवर फिरणारे संदेश वाचून घाबरण्याचे कारण नाही, आणि १९८२ च्या नियमांचा मसुदा कुणाच्या जुन्या अपिलातून उतरवून काढण्यातही अर्थ नाही.

पहिले काम कागद गोळा करण्याचे. बोर्डाचा फॉर्म म्हणजे एएफएमएसएफ-१६. त्याची पूर्ण, सगळ्या पानांची प्रत हवी. बहुतेकांकडे फक्त शेवटचे पान असते, टक्क्यांचे. खरा मजकूर आधीच्या पानांवर असतो: कुठल्या वर्षी कुठे पोस्टिंग होती, आजार पहिल्यांदा कोणत्या तारखेला आणि कोणत्या ठिकाणी दिसला, वडिलांनी स्वतःच्या निवेदनात काय लिहिले, आणि शेरा देताना बोर्डाने कारण काय दिले. त्याशिवाय भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, लो मेडिकल झाल्यापासूनचे, म्हणजे वैद्यकीय श्रेणी घसरल्यापासूनचे, सगळे री-कॅटेगरी बोर्ड (श्रेणीची फेरतपासणी, एएफएमएसएफ-१५), पोस्टिंगची तारीखवार यादी, डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि नकाराचे पत्र. जे घरात नाही ते रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकारात मागा. अर्जात आर्मी नंबर, हुद्दा, ट्रेड, भरतीची आणि निवृत्तीची तारीख लिहा आणि वडिलांची स्वतःची सही घ्या. दुसऱ्याने मागितलेले वैद्यकीय कागद खासगी माहिती म्हणून अडतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, महार रेजिमेंटचे सागरला. पत्र चुकीच्या रेकॉर्ड ऑफिसला गेले तर दोन-तीन महिने सहज जातात.

फॉर्म हातात आला की पेन्सिल घेऊन बसा आणि एकच गोष्ट शोधा: आजार सुरू होण्याची तारीख. तिच्यासमोर त्या दिवशीची पोस्टिंग लिहा, आणि तिच्या आधीच्या दोन पोस्टिंग. रक्तदाबाच्या नकारात नेहमीचे वाक्य असते, ‘पीस स्टेशनवर (शांत भागातल्या छावणीत) सुरू झाला, लष्करी सेवेशी संबंध नाही’. पण माणूस बहुधा काश्मीर, सियाचीन, नाही तर ईशान्येकडे दोन-तीन वर्षे काढून नुकताच पीसवर आलेला असतो, आणि तिथल्या पहिल्याच नियमित तपासणीत बीपी सापडतो. सापडला पीसवर, म्हणून सुरूही तिथेच झाला असे होत नाही. केवळ पीस स्टेशनच्या आधारावर नकार देता येत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. तरीही नुसता न्यायनिर्णय जोडून भागत नाही. फील्ड किंवा हाय अल्टिट्यूडची पोस्टिंग आणि निदान यांच्यात किती महिन्यांचे अंतर आहे ते तारखांनिशी मांडा. अंतर कमी असेल तर तुमची बाजू भक्कम. निदान होण्याआधी पाच-सहा वर्षे सलग पीसमध्येच गेली असतील, तर रक्तदाबावर फार भिस्त ठेवू नका. मणक्याच्या दाव्यावर जोर द्या.

हृदयविकार असता तर वेगळीच चौकशी झाली असती. त्यात झटका येण्याआधीच्या १४ दिवसांत माणूस नेमके कोणते काम करत होता, याची युनिटने भरलेली नोंद बघतात. त्याला ‘चार्टर ऑफ ड्यूटीज’ म्हणतात. हा कागद युनिटमधला कारकून ‘नेहमीची ड्यूटी’ एवढे दोन शब्द लिहून पाठवतो आणि दावा तिथेच बसतो. गस्त, रात्रीचा पहारा, फायरिंग रेंज, सराव, काहीही असेल तर ते तारखेसह त्यात यायला हवे. अजून सेवेत असलेल्यांनी हे लक्षात ठेवावे.

मणक्याचे बघू. कंबरेचा आजार हा ‘वयोमानाने झिजलेला’ म्हणून नाकारला जातो. त्याला उत्तर ट्रेड आणि काम यांतून मिळते. पायदळात पाठीवर ओझे घेऊन डोंगर चढणे, तोफखान्यात गोळे उचलणे, ड्रायव्हरने खडबडीत रस्त्यावर वर्षानुवर्षे गाडी चालवणे, पीटी किंवा अडथळ्यांच्या शर्यतीत पडणे. यांतली एखादी घटना कागदावर असेल तर सोन्याहून पिवळे. जखमेसाठी युनिटने इंजुरी रिपोर्ट भरायचा असतो, आयएएफवाय-२००६. गंभीर जखम असेल तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी. त्यावर कमांडरचे मत असते की ही जखम ड्यूटीवर झाली की नाही. जखमेच्या बाबतीत या मताला मोठे वजन असते. आजाराच्या बाबतीत बोर्डाच्या मताला. बहुतेक जवान पडतात, एमआय रूममध्ये (युनिटच्या दवाखान्यात) जाऊन गोळी आणि तीन दिवस आराम घेतात, इंजुरी रिपोर्ट मागतच नाहीत. दहा वर्षांनी एमआरआयमध्ये एल-४, एल-५ ची गादी सरकलेली दिसते, पण त्या दिवसाचा कागद नसतो. तसे असेल तर निदान त्या काळातले हॉस्पिटलमधले दाखल-कागद आणि री-कॅटेगरी बोर्डांवरील नोंदी शोधा. त्यांत डॉक्टरने ‘पीटीच्या वेळी पडल्याचा इतिहास’ अशी एक ओळ लिहिलेली असू शकते. ती ओळ पुरेशी ठरू शकते.

कायद्याचा मुख्य आधार सर्वोच्च न्यायालयाचा धरमवीर सिंग निर्णय, जुलै २०१३. त्याचा गाभा असा: भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणीत आजाराची नोंद नव्हती, माणूस निरोगी म्हणून घेतला, आणि नंतर सेवेत आजार झाला, तर तो सेवेतल्या परिस्थितीने झाला असे गृहीत धरायचे. उलट सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर, आणि बोर्डाने नकाराची कारणे लिहिली पाहिजेत. हा निर्णय १९८२ च्या नियमांवर दिलेला आहे. २००८ च्या नियमांत हे गृहीतक सौम्य केले आहे, आणि सरकारी वकील आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमध्ये (सैनिकांच्या दाव्यांच्या न्यायाधिकरणात) नेमका हाच मुद्दा काढतात. म्हणून अपील केवळ धरमवीर सिंगच्या खुंटीवर टांगू नका. २००८ च्या नियमांतही सामान्यतः दावेदाराकडून पुरावा मागायचा नसतो. निवृत्तीनंतर १५ वर्षे उलटून दावा केला आणि तोवर सेवेचे कागद नियमाप्रमाणे नष्ट झाले, तरच ओझे दावेदारावर येते. हा मुद्दा लिहा, आणि सोबत बोर्डाच्या कारणाचा पोकळपणा दाखवा. ‘जीवनशैलीचा आजार’ किंवा ‘कन्स्टिट्यूशनल’ (शरीराच्या घडणीतूनच आलेला) हा एक शब्द म्हणजे कारण नव्हे.

वैयक्तिक निवेदन आणि कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यांकडेही बघा. ‘आईवडिलांना रक्तदाब आहे का’ याला ‘होय’ असेल तर बोर्ड त्याचा आधार घेतो. ते खोडायचा प्रयत्न करू नका. आनुवंशिक प्रवृत्ती असली तरी सेवेने आजार बळावणे शक्य आहे, असाच युक्तिवाद मांडायचा. वजन, तंबाखू, दारू यांच्या नोंदी मात्र खरोखर नुकसान करतात. आणि एक कमी माहितीची गोष्ट: डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवले आणि जवानाने नकार दिला, तर तो नकार वाजवी होता का असा प्रश्न फॉर्ममध्येच असतो. नकार अवाजवी ठरला तर टक्के कमी होतात.

आता पैसे. अपंगत्व घटक, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वापोटीचा भाग, शेवटच्या वेतनावर ठरतो: १०० टक्के अपंगत्वाला वेतनाच्या ३० टक्के, आणि कमी टक्क्यांना त्या प्रमाणात. वेतन म्हणजे मूळ वेतन अधिक मिलिटरी सर्व्हिस पे, आणि एक्स ग्रुप पे (तांत्रिक ट्रेडचा भत्ता) लागू असेल तर तोही. समजा वडिलांचे मूळ वेतन ४९,००० आणि एमएसपी ५,२००, एकूण ५४,२००. त्याचे ३० टक्के १६,२६०. ही झाली १०० टक्क्यांची रक्कम. ३० टक्क्यांचे ४,८७८ होतात. पण इथे ब्रॉड बँडिंग येते, ज्याला लोक राउंडिंग म्हणतात: ५० पेक्षा कमी असेल तर ५०, ५० ते ७५ असेल तर ७५, ७६ पासून पुढे १००. म्हणजे ५० टक्क्यांनी ८,१३०, वर महागाई मदत. ही रक्कम नेहमीच्या पेन्शनखेरीज मिळते. राउंडिंग सुरुवातीला, ३१ जानेवारी २००१ च्या पत्रानुसार, फक्त आजारपणामुळे मुदतीआधी बाहेर काढलेल्यांना होते. मुदत पूर्ण करून आलेल्यांनाही ते लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार प्रकरणात १० डिसेंबर २०१४ ला ठरवले. कुणाच्या पीपीओवर अजून ३० टक्केच दिसत असेल तर त्याने रेकॉर्ड ऑफिसला हाच निर्णय लिहून दुरुस्त पीपीओ मागावा.

या राउंडिंगमुळे तुमच्या प्रकरणात एक गंमत आहे. दोन्ही आजार मान्य झाले तर ४४ चे ५०. एकटा मणका मान्य झाला तर २० चे ५०. एकटा रक्तदाब मान्य झाला तरी ३० चे ५०. हाती येणारी रक्कम तिन्ही वेळा सारखीच. म्हणजे तुम्हाला दोनपैकी एकच लढाई जिंकायची आहे. अपिलात दोन्ही ठेवा, पण जो कागद भक्कम तो आधी मांडा. एकत्रित टक्के मात्र साध्या बेरजेने होत नाहीत: ३० आणि २० चे बोर्ड ५० लिहीत नाही, उरलेल्या ७० टक्क्यांवर २० टक्के धरून ४४ काढतो. हेच एकत्रित टक्के ५० निघाले असते तर राउंडिंगने ७५ झाले असते, म्हणजे १२,१९५. त्यामुळे ४९ आणि ५० यांच्या सीमेवर असलेल्यांनी टक्क्यांवरही भांडावे. तुमच्या बाबतीत त्यात वेळ घालवण्यात हशील नाही.

१५ ते १९ टक्के लिहिलेल्यांची गोष्ट वेगळी. मधुमेहात हे खूप होते. २० च्या खाली राहिले की दावा बाद. पण आजारामुळे मुदतीआधी बाहेर काढले असेल, तर अपंगत्व २० च्या वर गृहीत धरावे असे सर्वोच्च न्यायालयाने सुखविंदर सिंग प्रकरणात २०१४ मध्ये म्हटले आहे.

स्वतःच्या विनंतीवर लवकर घरी आलेल्यांना अपंगत्व घटक मिळत नाही, हे बरेच जण अजूनही सांगतात. पूर्वी तसेच होते. १ जानेवारी २००६ पासून आणि नंतर त्याआधीच्यांनाही तो खुला झाला. सेवेत असतानाच अपंगत्वापोटी एकरकमी भरपाई घेतली असेल तर मात्र निवृत्तीनंतर अपंगत्व घटक मागता येत नाही. घरी जुना एखादा मोठा धनादेश आठवत असेल तर आधी ते तपासा.

शेजारच्या कुणाची जखम लढाईतली असेल तर तुलना करू नका. युद्ध किंवा घुसखोरीविरोधी मोहिमेतली जखम ‘ई’ प्रवर्गात जाते आणि तिला वॉर इंजुरी पेन्शन लागते: १०० टक्के अपंगत्वाला, सेवेतून बाहेर काढले असेल तर वेतनाइतकी पूर्ण रक्कम, मुदत पूर्ण करून आला असेल तर वेतनाच्या ६० टक्के. रजेतल्या अपघाताचे नियमही वेगळे. ड्यूटी स्टेशनवरून सरकारी खर्चाने, वॉरंटवर घरी जाताना किंवा परत येताना अपघात झाला तर तो ड्यूटीत धरतात. रजेवर गावी असताना शेतावर ट्रॅक्टर उलटला, किंवा बाजारातून मोटारसायकलने येताना पडला, तर सेवेशी कारणसंबंध दाखवता येत नाही आणि दावा जवळजवळ नेहमी पडतो.

अग्निवीरांना ही पेन्शन नाही. त्यांच्यासाठी सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाला एकदाच मिळणारे सानुग्रह अनुदान आहे: १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख. उरलेल्या काळाचे वेतन आणि सेवानिधी वेगळे.

आता मार्ग. नकाराचे पत्र मिळाल्यापासून ६ महिन्यांत पहिले अपील, अपेलेट कमिटी ऑन फर्स्ट अपील्सकडे, रेकॉर्ड ऑफिसमार्फत. ते फेटाळले तर पुन्हा ६ महिन्यांत दुसरे अपील, सेकंड अपेलेट कमिटी ऑन पेन्शनकडे. स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचपावती जपा. अपील दोन-तीन पानांचे असावे: वर पोस्टिंग व निदानाचा तक्ता, मग प्रत्येक आजाराचे कागद आणि कारण, शेवटी मागणी. अनेक अपिले ‘देशाची २६ वर्षे सेवा केली’ यावरच खर्ची पडतात. समितीतले अधिकारीही फौजीच असतात, त्यांना ते सांगावे लागत नाही. उत्तर ६ महिन्यांत आले नाही तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचा दरवाजा उघडतो. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी ते मुंबई खंडपीठ.

मुदत उलटून गेली असेल तरी हार मानू नका. पेन्शन दरमहा देय असते, म्हणून दर महिन्याला नवा हक्क तयार होतो असे न्यायालये मानतात. विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो. पण थकबाकी साधारणपणे अर्ज दाखल करण्याच्या आधीच्या ३ वर्षांपुरतीच मिळते. त्याला आधार सर्वोच्च न्यायालयाचा तरसेम सिंग निर्णय, २००८ चा. म्हणजे उशिराचा प्रत्येक महिना एका बाजूने कापला जातो. मार्च २०२२ ला निवृत्ती झालेला माणूस मार्च २०२५ नंतर ट्रिब्युनलमध्ये गेला तर सुरुवातीची रक्कम हातची जाते.

मंजुरी झाली की दुरुस्त पीपीओ प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन कार्यालयातून निघतो आणि स्पर्श या संरक्षण खात्याच्या पेन्शन पोर्टलवर दिसतो. नौदलाचे प्रकरण मुंबईहून चालते. स्पर्शवर अपंगत्व घटकाची टक्केवारी, सुरू होण्याची तारीख आणि ‘लाइफ’ हा शब्द तपासा. बोर्डाने ‘आयुष्यभर’ लिहिले असताना पीपीओत ठराविक मुदत छापल्यास लगेच तक्रार टाका. २००१ च्या पत्रापासून कायमस्वरूपी अपंगत्वासाठी पुन:पुन्हा बोर्डाला बोलावण्याची पद्धत नाही. माणसाने स्वतः फेरतपासणी मागितली तरच ती होते. टक्के वाढवायचे असतील तरच मागा, कारण कमी होण्याचा धोकाही तिथेच आहे.

अपंगत्व घटक वडिलांच्या पश्चात आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनात मिसळत नाही. थकबाकी मात्र मृत्यूच्या तारखेपर्यंतची वारसाला मागता येते, आणि मान्य झालेल्या त्याच आजाराने मृत्यू झाल्यास विशेष कुटुंब निवृत्तिवेतनाचा, वेतनाच्या ६० टक्क्यांचा, दावा उभा राहतो. त्यासाठी हॉस्पिटलचे मृत्यूचे कारण लिहिलेले प्रमाणपत्र लागते, नुसता ग्रामपंचायतीचा दाखला नाही.

एक गोंधळ टाळा: बोर्डाचे टक्के आणि यूडीआयडी कार्डाचे (दिव्यांगांच्या ओळखपत्राचे) टक्के या दोन वेगळ्या गोष्टी. नागरी दिव्यांग सवलतींना २०१६ च्या कायद्याप्रमाणे ४० टक्के लागतात आणि ते सरकारी रुग्णालय ठरवते; बोर्डाचे ४४ टक्के दाखवून एसटीचा पास मिळत नाही. उलट यूडीआयडी कार्ड जोडून पेन्शनचा दावाही भक्कम होत नाही.

पहिला मसुदा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवा, तिथे पैसे लागत नाहीत. थकबाकीच्या टक्केवारीवर काम घेणाऱ्या दलालाला मूळ कागद देऊ नका. रंगीत झेरॉक्स द्या आणि एएफएमएसएफ-१६ ची साक्षांकित प्रत घरातच ठेवा, कारण ट्रिब्युनलमध्ये पहिल्याच तारखेला ती मागतात.